डोक्याला मार लागला आणि डोळा बारीक झाला : कारण कसं शोधायचं, खर्च किती येतो

मोताळ्याहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात दुचाकी घसरली, असं धरू. हेल्मेट नव्हतं. डोक्याचा उजवा भाग कठड्यावर आपटला. १०८ आली, रुग्णालयात भरती झाली, मेंदूचं सीटी झालं. थोडा रक्तस्राव होता, पण ऑपरेशनची वेळ आली नाही. दहाव्या दिवशी सुट्टी मिळाली आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उजवा डोळा काळानिळा होऊन मिटलेला होता. ‘सूज उतरली की उघडेल’ असं सगळेच म्हणाले, आणि तो उघडलाही. पण दिसतंय अंधुक. दीड-दोन महिन्यांनी आईच्या लक्षात येतं की पोराचा डोळा दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. डोळ्यांच्या दवाखान्यात प्रेशर मोजतात, तर डाव्या डोळ्यात चौदा आणि उजव्यात चार.

काचबिंदूमुळे आपल्याकडे डोळ्याचं प्रेशर वाढलं की वाईट, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे ‘चार’ ऐकून अनेकांना हायसंच वाटतं. तसं वाटून घेऊ नका. फार कमी दाब डोळ्याला तितकाच घातक असतो. आणि चार हा आकडा म्हणजे आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. तिच्यामागे पाच-सात कारणं असू शकतात. काही औषधानं बरी होतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, काही तर डोळ्याची कारणंच नसतात. कोणतं कारण आहे हे ठरवायला काही हजार रुपये लागतात. ते न ठरवता महिने गेले, तर पुढचा हिशेब लाखाच्या घरात जातो आणि नजर परत येईलच असं नाही. म्हणून इथं आधी कारणं सांगतो आणि पैशांचं नंतर.

डोळा मऊ का पडतो

डोळ्याचा गोळा फुगलेल्या चेंडूसारखा आकार धरून असतो तो आतल्या पाण्यामुळे. रंगीत पडद्यामागे एक गोल कडं असतं, त्याला सिलिअरी बॉडी म्हणतात. ते मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर पाणी तयार करतं आणि तितकंच पाणी बुबुळाच्या कडेच्या जाळीतून बाहेर जातं. दीड-दोन तासांत पुढच्या भागातलं सगळं पाणी बदलून होतं. या आवक-जावकीतून जो दाब राहतो तो निरोगी माणसात पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. पाच-सहाच्या खाली गेला की डोळा मऊ पडला असं डॉक्टर म्हणतात.

म्हणजे दाब उतरायचे मार्ग दोनच आहेत. एक तर पाणी कुठून तरी गळतंय, नाही तर ते तयारच होत नाहीये. डॉक्टरांचा सगळा शोध या दोन प्रश्नांभोवती फिरतो. तुम्हीही त्यांना हेच विचारा : ‘साहेब, गळतंय की बनत नाही?’

गळतीचं सगळ्यात धोकादायक कारण म्हणजे फाटलेला डोळा. बैलाचं शिंग, पऱ्हाटीचं टोक, फुटलेली काच असं काही घुसलं असेल तर ते दिसतं, आणि लोक धावत नेतात. पण बोथट मार लागला, म्हणजे हँडल, दगड, मूठ, रस्ता, तर डोळ्याचं पांढरं कवच वरच्या त्वचेला धक्का न लागता आतल्या आत फाटू शकतं. ते बहुधा बुबुळाच्या कडेला किंवा डोळा फिरवणारे स्नायू जिथं चिकटतात तिथं, कवच पातळ असतं तिथं फाटतं. वरून फक्त लालभडक रक्त साकळलेलं दिसतं. सुजलेल्या पापणीआड हे दिवसेंदिवस लपून राहू शकतं.

ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्या आजी-आजोबांबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या पद्धतीची, मोठ्या छेदाची ऑपरेशनं झालेली पुष्कळ माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. तो छेद कित्येक वर्षांनीही मूळ कवचाइतका मजबूत होत नाही. न्हाणीघरात पाय घसरून कपाळ आपटलं, तरी जुना टाका उलून आतलं भिंग बाहेर आलेलं सापडतं. म्हातारं माणूस पडलं आणि त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तर त्याच दिवशी डोळा दाखवा, मग डोकं ठीक असो वा नसो.

दुसरी गळती आतल्या आत होते. जोराच्या धक्क्यानं सिलिअरी बॉडी कवचापासून सुटते आणि मध्ये फट पडते. पाणी त्या फटीतून डोळ्याच्या थरांमध्ये झिरपत राहतं. बाहेर काहीच दिसत नाही, डोळा पांढराशुभ्र असू शकतो आणि तरी दाब तीन किंवा चार. हे कारण सांगताना मी मुद्दाम थांबतो, कारण ते बरं होण्यासारखं आहे आणि नेमकं तेच निसटतं. फट लहान असेल तर अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांवर काही आठवड्यांत बंद होऊ शकते. नाही झाली तर लेझर, नाही तर टाके घालून ती बसवतात. बंद झाल्यावर पहिल्या काही दिवसांत दाब एकदम चढून डोळा ठणकू शकतो. हे आधी सांगितलेलं नसलं तर माणूस घाबरतो.

तिसरं, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सरकणं. मार लागल्यावर पडद्याला छिद्र पडतं, पाणी पडद्यामागे जातं आणि दाब उतरतो. डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारख्या चमका, मग एका बाजूनं सावली, अशी त्याची चाल असते. मार लागल्यानंतर लगेच नाही, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही पडदा सरकतो.

पाणी न बनण्याची कारणं निराळी. आत सूज असेल तर सिलिअरी बॉडी काही काळ काम थांबवते, मग सूज उतरवणारे थेंब आणि अ‍ॅट्रोपिन यांनी ती पुन्हा सुरू होते. मात्र जखम जुनी झाली, आत जाळं धरलं आणि त्या जाळ्यानं सिलिअरी बॉडीला ओढून धरलं, तर औषध पुरत नाही. तेव्हा डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झालेला असेल तर तिचाही उपयोग मर्यादित. दाब महिनोन् महिने खाली राहिला की आधी पडद्याच्या मधोमध सुरकुत्या पडून नजर अंधुक होते, मग गोळा आक्रसत जातो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर असतो, आक्रसलेला वीसच्या खाली येतो. फार जुन्या आक्रसलेल्या डोळ्यात चुना साठतो, कधी चक्क हाड तयार होतं आणि सीटीत ते पांढरं चमकतं. इथवर पोहोचलेल्या डोळ्याची नजर परत आणणारं औषध नाही.

आकडा कमी, पण डोळ्याचा दोष नाही

मेंदूची सूज उतरवायला वॉर्डात मॅनिटॉलची बाटली लावतात. मॅनिटॉल शरीरातलं पाणी ओढतं, डोळ्यातलंही, आणि काही तासांपुरता दोन्ही डोळ्यांचा दाब उतरतो. डायमॉक्सच्या गोळीनंही तेच होतं. शरीरातलं पाणी फार कमी झालं, मधुमेह फार बिघडला, तरी दोन्ही डोळे मऊ पडतात. म्हणून प्रेशर कधी मोजलं, त्या दिवशी कोणती औषधं चालू होती आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे किती, हे तिन्ही कागदावर असायला हवं. दोन्हीकडे कमी असेल तर आधी औषधांकडे आणि शरीराकडे बघायचं. एकाच डोळ्यात कमी असेल तर त्या डोळ्यात काही तरी आहे. घरी कोणी काचबिंदूचे थेंब घालत असेल आणि त्याच डोळ्याला मार लागून तो मऊ पडला, तर ते थेंब चालू ठेवायचे का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

बारीक झाला की आत गेला

‘डोळा बारीक झाला’ या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. गोळा खरंच आक्रसलेला असतो, किंवा गोळा शाबूत असून खोबणीत मागे सरकलेला असतो, किंवा पापणीची फट अरुंद झाल्यामुळे तसा भास होतो. तिन्हींचे डॉक्टर वेगळे आणि खर्चही वेगळा.

ललिता पवारांचा डावा डोळा सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात अभिनेते भगवान यांनी मारलेली थप्पड फार जोरात बसली. चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा आला, डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, तीन वर्षं उपचार चालले आणि डोळ्यातला दोष कायमचा राहिला. नायिकेची कामं गेली. पुढं त्याच डोळ्यासह त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिका अजरामर केल्या. चेहऱ्याच्या आणि पापणीच्या नसांवर मार बसला की गोळ्याला काही न होता डोळा लहान दिसू शकतो, हे लक्षात ठेवण्यासाठी त्यांचा चेहरा आठवावा.

खोबणीचं तळाचं हाड कागदासारखं पातळ असतं. मार लागला की ते मोडतं, डोळ्यामागची चरबी खालच्या पोकळीत उतरते आणि सूज ओसरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो. दोन-दोन दिसणं, गालाला बधिरपणा, वर बघता न येणं या त्याच्या खुणा. असं वाटलं तर नाक शिंकरू नका, हवा खोबणीत शिरते. लहान मुलांत हे फसवं असतं. पडलेलं मूल उलट्या करतं, नाडी मंदावते, सगळे मेंदूकडे बघतात, सीटीत मेंदू ठीक असतो, पण त्याला वर बघता येत नाही, कारण डोळ्याचा स्नायू मोडलेल्या हाडात अडकलेला असतो. तो एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो. मोठ्यांत साधारण दोन आठवड्यांत निर्णय घेतात.

आणखी दोन खुणा सांगतो, दोन्हीत वेळ घालवायचा नाही. पापणी थोडी खाली, त्याच डोळ्याची बाहुली बारीक आणि मानेत दुखतंय, तर मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा असू शकते. उलट डोळा बारीक न होता पुढे येत असेल, लाल होत असेल आणि डोक्यात ‘घूं घूं’ असा आवाज नाडीबरोबर येत असेल, तर डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांचा प्रश्न आहे. दोन्ही वेळा मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

पहिल्या दिवशी काय करायचं, काय नाही

मार लागलेला डोळा चोळू नका, दाबून बघू नका, त्यावर पट्टी घट्ट आवळू नका. दूध, मध, एरंडेल, घरातले जुने थेंब, काही म्हणजे काही घालू नका. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर असा ठेवा की कडा भुवई आणि गालाच्या हाडावर टेकतील, डोळ्याला काहीच लागणार नाही, आणि वरून चिकटपट्टी लावा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून चहासुद्धा देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते विचारा. फाटलेला डोळा शक्यतो चोवीस तासांच्या आत शिवला जावा.

आणि एक वाक्य पाठ करून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. डोक्याचं सीटी होणारच असतं. टेबलवर जाण्याआधी डॉक्टरांना म्हणा : ‘डोळ्यालाही मार आहे, खोबणीचे पातळ काप घेता येतील का?’ नंतर वेगळं सीटी करायचं म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा किरण. वेल्डिंग, ग्राइंडर, हातोडा-छिन्नी असं काम करताना इजा झाली असेल तर डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो. अशा वेळी एमआरआय करायचा नाही, आत लोखंड हललं तर डोळा जातो.

तपासण्या आणि त्यांचे दर

पुढचे आकडे खाजगी दवाखान्यांतले साधारण अंदाज आहेत. गाव, डॉक्टर आणि यंत्र यांप्रमाणे ते खालीवर होतात. फोनवर विचारूनच निघा.

नेत्रतज्ज्ञांची तपासणी ३०० ते ७०० रुपयांत होते, त्यात बहुतेक ठिकाणी प्रेशर मोजणं आलं. याच भेटीत एक साधी तपासणी होते, तिच्याकडे लक्ष द्या. डॉक्टर नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, खोलीतला दिवा मालवतात आणि निळा उजेड टाकतात. डोळा हिरवापिवळा चमकायला लागतो. कुठून पाणी गळत असेल तर त्या चमकीत एक गडद ओघळ दिसतो, जणू रंगवलेल्या भिंतीवरून पाण्याचा थेंब उतरावा. पट्टीची किंमत काही रुपये, आणि ‘गळतंय का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

आत रक्त असल्यानं पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात, ८०० ते २,००० रुपये. फाटलेला डोळा शिवल्याशिवाय त्यावर यंत्र टेकवू नये, हे चांगले डॉक्टर स्वतःच पाळतात. सिलिअरी बॉडीची फट शोधायला आरशाच्या भिंगातून कोन बघतात. ते तपासणीतच होतं, वेगळे लागले तर थोडेच. तरी सापडली नाही तर यूबीएम नावाची बारीक सोनोग्राफी, १,५०० ते ३,५०० रुपये. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या नेत्ररुग्णालयातच होते. मेंदू आणि खोबणीचं एकत्र सीटी खाजगीत ३,००० ते ६,००० रुपये. सगळं मिळून कारण शोधायचा खर्च दहा हजारांच्या आसपास थांबतो, सरकारी रुग्णालयात त्याहून कितीतरी कमी.

औषधं स्वस्त आहेत. अ‍ॅट्रोपिन आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड थेंब मिळून महिन्याला काही शे रुपये. पण स्टेरॉइड थेंब स्वतःच्या मनानं चालू ठेवायचे नाहीत आणि एकदम बंदही करायचे नाहीत.

शस्त्रक्रियांचा खर्च मोठा. फाटलेल्या डोळ्याला टाके २०,००० ते ५०,०००. फट बसवण्याची शस्त्रक्रियाही साधारण त्याच घरात. पडद्याची शस्त्रक्रिया ४०,००० ते एक लाख. इथं एक खर्च बहुतेकांना नंतर कळतो. पडदा दाबून धरायला डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात, आणि ते काही महिन्यांनी काढण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं, आणखी १५,००० ते ३५,०००. मऊ डोळ्यात कधी कधी डॉक्टर तेल मुद्दाम राहू देतात, कारण त्याच्या आधारानं गोळा आकार धरून राहतो. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागा आणि विचारा : ‘तेल भरणार का? काढायचा खर्च यात आहे का?’

कुठे जायचं

बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय आणि खामगावचं सामान्य रुग्णालय हे पहिले थांबे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैसे मागितले तर कशाचे ते लेखी विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांचा विभाग वेगळा, तिथं नाममात्र शुल्क लागतं. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. पडद्याचं किंवा फाटलेल्या डोळ्याचं काम तिथं होणार नसेल, तर ‘रेफर’चं पत्र घेऊन पुढचा रस्ता आपल्या तालुक्यावरून ठरवा. खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकरांना अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वोपचार, जवळ. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीकरांना जालना जवळ, तिथं श्री गणपती नेत्रालय आहे, आणि पुढं छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. मलकापूर-नांदुऱ्याहून रेल्वेनं जळगाव, खान्देशातलं. मेहकर-लोणारहून समृद्धी महामार्गानं नागपूर किंवा संभाजीनगर. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा : ‘पडद्याचे सर्जन आज आहेत का?’ ते नसतील तर सगळा प्रवास वाया.

पहिला प्रवास १०८ च्या गाडीनं फुकट होतो. खर्च वाढतो तो पुढच्या दहा-बारा खेपांनी, रुग्ण आणि सोबत एक माणूस, शिवाय दोघांची मजुरी बुडते ती वेगळीच. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. सोबत आईनं किंवा बहिणीनं जावं, हा हिशेब पुष्कळ घरं करतात आणि तो बरोबर आहे.

पैसे कोण देईल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी असल्यानं इथले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी आधीपासूनच या योजनेत होते. डोळ्यांच्या शस्त्रक्रिया योजनेत आहेत. पण लोक फसतात ते दोन ठिकाणी. योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांना आहे, ओपीडीतल्या तपासण्यांना नाही. आणि रुग्णालय ‘अंगीकृत’ असलं तरी प्रत्येक विभागासाठी असतंच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, गाठा आणि विचारा की डोळ्याच्या, विशेषतः पडद्याच्या, शस्त्रक्रियेसाठी हे रुग्णालय योजनेत आहे का. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००-२३३-२२००. एकदा पैसे भरून ऑपरेशन झालं की ते मागाहून मिळवणं फार अवघड.

रस्त्यावरचा अपघात असेल तर केंद्राची रोकडविरहित उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे : नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाखांपर्यंत. धडक देऊन गाडी पळाली असेल तर गंभीर इजेसाठी ५०,००० रुपयांची भरपाई आहे. या साऱ्यासाठी रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद आणि पोलिसांत नोंद हवी, आणि त्या नोंदीत ‘डोक्याला मार’ एवढंच नको, ‘उजव्या डोळ्याला मार’ हेही हवं. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांत करण्याची तरतूद आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी मोफत असतात, आणि आणखी दहा टक्के ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी सवलतीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

आता विमा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात त्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघातानं एका डोळ्याची नजर कायमची गेली तर एक लाख, दोन्हींची गेली तर दोन लाख मिळतात. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही एका डोळ्याला एक लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. दोन्हींची मुदत तीस दिवसांच्या आसपास. आणि डोळा आक्रसतो तो मात्र काही महिन्यांनी. या विसंगतीत अनेकांचे हक्काचे लाख रुपये बुडतात. उपाय एकच : नजर परत येईल की नाही याची वाट न बघता, अपघातानंतर महिन्याच्या आत अर्ज आणि लेखी सूचना देऊन पोच घ्या. नजर कायमची गेल्याचं प्रमाणपत्र मागाहून जोडतो, असं अर्जातच लिहा. बँकेच्या पासबुकात त्या वर्षाचे वीस रुपये कापल्याची ओळ आहे का, तेवढी तपासा.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल खोटी आशा नको. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर टक्केवारी ३० येते, आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. तरीही दाखला काढून ठेवा, विम्याच्या दाव्याला कामाला येतो.

डोळा वाचलाच नाही तर

आक्रसलेला डोळा दुखत नसेल तर काढायची गरज नसते. त्यावरच पातळ कवचासारखा कृत्रिम डोळा बसतो. तयार डोळा १,५०० ते ४,००० रुपयांत मिळतो, पण नीट बसत नाही, आतून घासतो. खोबणीचा साचा घेऊन बनवलेला १०,००० ते ३०,००० पर्यंत जातो. त्यात कारागीर समोर बसून दुसऱ्या डोळ्याकडे बघत बघत बाहुलीचा रंग भरतो, पांढऱ्यावर लाल रेशमाच्या बारीक धाग्यांनी शिरा काढतो, आणि तो डोळा शेजारच्या डोळ्याबरोबर थोडा हलतोही. माझ्या मते पैसे असतील तर हाच घ्यावा, विशेषतः तरुण पोरापोरींसाठी. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या दारात चेहऱ्याकडे कसं बघतात हे आपल्याला माहीत आहे. लहान मुलांत तर हाडाची वाढ थांबू नये म्हणूनही खोबण भरलेली हवी.

जखमी डोळ्यामुळे दुसऱ्या, चांगल्या डोळ्याला सूज येण्याचा एक आजार आहे. तो विरळ आहे, पण आला तर दोन्ही डोळे जाऊ शकतात. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, नऊ दशांश वेळा वर्षाच्या आत दिसतो. तीन वर्षांच्या लुई ब्रेलला वडिलांच्या दुकानातली आरी एका डोळ्यात लागली आणि पुढं दुसराही गेला, तो याच कारणानं असं मानतात. चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, वाचताना धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी जा. वेळेत स्टेरॉइड दिलं तर हा आजार आवरता येतो. आणि उरलेल्या डोळ्यावर पॉलीकार्बोनेटचा चष्मा कायम ठेवा, नंबर नसला तरी. मळणीयंत्राजवळ, पऱ्हाटी उपटताना, गाडीवर, सगळीकडे.

आज कोणाच्या घरी डोक्याला मार लागलेलं माणूस रुग्णालयात असेल, तर सुट्टीच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं की ते दारातच उभं राहून वाचा. त्यात दोन्ही डोळ्यांची नजर आणि दोन्हींचं प्रेशर लिहिलेलं नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून तेवढी एक ओळ लिहून घेऊनच बाहेर पडा.